वर्कशॉपचे काका चालले पुण्याला, त्यांच्या डोक्यातलं कागदावर कसं आणायचं?

खटपट्या:
नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही दहा-बारा जणांनी नागपुरात हिंगणा रोडकडे एक गाळा भाड्यानं घेऊन सामायिक वर्कशॉप टाकलंय. सेकंड हॅंड लेथ (लोखंडाचा तुकडा फिरवून कापायचं मशीन), पिलर ड्रिल, आर्क वेल्डिंग, दोन ग्राइंडर, टेबल सॉ, थ्रीडी प्रिंटर आणि गेल्या वर्षी वर्गणी करून घेतलेलं लेझर कटर. इंजिनिअरिंगचे पोट्टे येतात, एक डेंटिस्ट मॅडम येतात, शाळेतले एक सर येतात ते मुलांसाठी विज्ञानाची खेळणी बनवतात, मार्च लागला की अर्ध्या लोकांना कूलरचं स्टॅंडच दुरुस्त करायचं असतं. सगळा कारभार एका काकांवर चालतो. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते, आता रिटायर, रोज अकराला सायकलवर येतात. लेथचा आवाज दाराबाहेरून ऐकून सांगतात की बेल्ट ढिला झालाय. दिवाळीनंतर ते मुलाकडे पुण्याला चालले, कायमचे.

मी शहाणपणा करून बावीस पानांचं मॅन्युअल लिहिलं, स्पायरल बाइंडिंग केलं, दोन प्रती ठेवल्या. एक प्रत सध्या चहाच्या किटलीखाली आहे. दुसरी कुठं आहे माहीत नाही.

आणि मागच्या आठवड्यात हे झालं. ड्रिल चालू असताना लाइट गेली, सगळे बाहेर टपरीवर गेले, स्विच कोणी बंद केलाच नाही. अर्ध्या तासानं लाइट आली तेव्हा डेंटिस्ट मॅडम जॉब (मशीनला बांधलेला तुकडा) सोडवायला वाकल्या होत्या आणि ड्रिल आपोआप फिरायला लागलं. ओढणी खुंटीला होती म्हणून वाचल्या. माझ्या मॅन्युअलमध्ये पान ९ वर लिहिलेलं आहे की लाइट गेली तर स्विच बंद करा. काय उपयोग!

तर विचारून राहिलो की हे सगळं लिहून ठेवायची तुमच्याकडे काय पद्धत आहे? काकांना लिहायला सांगितलं तर ते म्हणतात "काय लिहू, हाताला समजते."

निवृत्त_निदेशक:
आयटीआयमध्ये मशीनिस्ट ट्रेडला बरीच वर्षं शिकवलं, म्हणून लिहितो.

आधी ड्रिलचं. तो कागदाचा प्रश्नच नाही, स्विचचा आहे. साधा टॉगल स्विच काढा आणि नो-व्होल्ट कॉइलचा डीओएल स्टार्टर लावा. लाइट गेली की त्यातला कॉन्टॅक्टर (वीज जोडणारा भाग) सुटतो, हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. टेबल सॉलाही तेच. जी गोष्ट मशीन स्वतः करू शकते ती माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडू नका, नागपुरात लाइट जाणार हे काय आपल्याला नवीन आहे काय.

आता काकांचं. त्यांना लिहायला लावू नका आणि "तुम्हाला काय काय येतं" असंही विचारू नका, जन्मभर हात चाललेल्या माणसाला ते सांगता येतच नाही. त्यांना खुर्ची द्या, हात मागे बांधून बसायला सांगा. नवख्या माणसाला मशीनवर उभं करा. काकांनी गप्प बसायचं, फक्त पाहवलं नाही की "थांब" म्हणायचं. तिसऱ्या माणसानं वही घेऊन प्रत्येक "थांब" च्या पुढे लिहायचं की कशासाठी थांबवलं. दोन रविवारांत तुमच्या लेथचं कार्ड तयार होईल, आणि त्यात कंपनीच्या पुस्तकात नसलेल्या गोष्टी येतील, म्हणजे तुमच्या लेथचा कोणता लिव्हर अर्धवट बसतो, क्रॉस स्लाइडची (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाची) किती ढिलाई काढून मग डायल वाचायची, असल्या. सर्वसाधारण माहिती कोणत्याही पुस्तकात मिळते. तुमच्या मशीनची खोड फक्त काकांना ठाऊक आहे.

कार्ड एका पानाचं, मशीनवर डोळ्यासमोर टांगलेलं. अक्षर हाताएवढ्या अंतरावरून वाचता आलं पाहिजे. ड्रिलच्या कार्डावर आकड्यांचा तक्ता नको, एक ओळ पुरे: एमएसमध्ये (साधं लोखंड, माइल्ड स्टील) एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल असेल तर आरपीएम (मिनिटाचे फेरे) गुणिले ड्रिलचे मिलिमीटर म्हणजे साधारण ८०००. दहाच्या ड्रिलला ८००, पाचच्या ड्रिलला १६००. मग पुलीवर जो जवळचा वेग असेल तो घ्या, आणि जवळचा म्हणजे खालचा.

इतवारीवाला:
सर बरोबर सांगून राहिले. मी लोहा ओळीत हार्डवेअरच्या धंद्यात आहो, रोज ग्राइंडरच्या डिस्का विकतो, त्याच्याबद्दल दोन शब्द माझे पण घ्या.

लोकं येतात नं भाऊ, चार इंची ग्राइंडरले सात इंची जुनी झिजलेली डिस्क लावतात गार्ड काढून, काहून की "अजून चालते नं". अरे बाप्पा चार इंची ग्राइंडर अकरा हजार आरपीएमनं फिरते आणि सात इंची डिस्कवर कंपनीनं ८,५०० च लिहिलं असते! फुटली तर पोटातच येईन. डिस्क बसवायच्या आधी तिच्यावरचा आकडा ग्राइंडरच्या आकड्यापेक्षा मोठा आहे का एवढं पाहायचं, बाकी काही नाई समजलं तरी चालन. आणि मधल्या लोखंडी रिंगवर तारीख असते, एक्सपायरी. औषधाले असते तशी. तीन वर्षं समजा. पावसाळ्यात ओल धरलेली, नाई तर खाली पडलेली डिस्क फेकून द्या, चाळीस रुपयांसाठी डोळा नका घालवू. लाकूड कापायची दाताची पत्ती ग्राइंडरले लावणाऱ्या माणसाले तर मी देतच नाई, तो दुसऱ्या दुकानातून घेऊन जाते ते वेगळं.

पबलिक_प्रोटोटाइप:
एवढा खटाटोप कशाला, प्रत्येक मशीनचा व्हिडिओ काढा, यूट्यूबवर टाका, मशीनवर क्यूआर कोड चिकटवा. २०२५ मध्ये कागद कोण वाचतं.

लेझरताई:
@पबलिक_प्रोटोटाइप, आमच्याकडे होते क्यूआर कोड. चौदा मिनिटांचा व्हिडिओ कोण बघतं, तेही मशीनसमोर उभं राहून, हात तेलकट. सहा महिन्यांत कोडवर धूळ बसली. एका कामासाठी मात्र फोन वापरा. काका आवाज ऐकून बेल्ट ओळखतात म्हणालात नं, तो आवाज रेकॉर्ड करा. वीस सेकंद बेल्ट नीट असतानाचा, वीस सेकंद ढिला करून. आवाज लिहिता येत नाही.

लेझरबद्दल सांगते कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथं. लोकांना वाटतं झाकण बंद म्हणजे सेफ. धोका मटेरियलमध्ये आहे. रेग्झिन, फोमचा तो पांढरा सनबोर्ड, सोफ्याचं कव्हर, यातलं बरंच पीव्हीसी असतं आणि ते लेझरखाली जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ निघते, माणसाच्या छातीत जाते आणि मशीनच्या रेल, लेन्स सगळ्याला गंज. दुकानदार "ॲक्रिलिकच आहे मॅडम" म्हणतो, त्यावर जाऊ नका. तांब्याची तार लाल करा, तुकड्याला टेकवा, परत ज्वाळेत धरा, हिरवी ज्योत आली म्हणजे क्लोरीन आहे, लेझरमध्ये नको. हे गॅलरीत किंवा अंगणात करा, आत नको. आम्ही मशीनच्या बाजूला पाट्या लावल्यात, एका पाटीवर चालणाऱ्या मटेरियलचे खरे तुकडे चिकटवलेत, दुसरीवर न चालणाऱ्यांचे. नाव वाचायला नको, हात लावून बघायचं.

आणि चिलर, म्हणजे लेझरच्या ट्यूबचं पाणी थंड ठेवणारं मशीन! आपल्या मे महिन्यासाठी लिहूनच ठेवा. स्वस्तात जो सीडब्ल्यू ३००० देतात तो नुसता पंखा आणि रेडिएटर आहे, खोलीच्या तापमानाच्या खाली पाणी नेतच नाही, आणि खोली ४२ असेल तर ट्यूब गेलीच. काचेच्या ट्यूबला साधारण १५ ते २५ अंशांचं पाणी हवं. आम्ही एक ट्यूब अशीच घालवली. कॉम्प्रेसरवाला घ्या. तो घेतला तरी उन्हाळ्यातलं सेटिंग पावसाळ्यात तसंच ठेवू नका, जुलैत हवेत इतकी ओल असते की १८ वर ठेवलं तर ट्यूबवर दव धरतं, बिअरच्या ग्लासवर धरतं तसं, आणि पुढे हाय व्होल्टेज आहे. पावसाळ्यात २५ च्या आसपास. "लेझर कार्ड: उन्हाळा" आणि "लेझर कार्ड: पावसाळा" अशी वेगळी कार्डं आहेत आमची.

निवृत्त_निदेशक:
ताईंनी उन्हाळा-पावसाळ्याचं चांगलं काढलं. त्यात अर्थिंग घाला. आपली काळी माती मे महिन्यात वाळून भेगा पडतात, अर्थिंगचा रेझिस्टन्स वाढतो, खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) ३० मिलिॲम्पियरचा हवा आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा कोणीतरी दाबलं पाहिजे. कोण दाबणार त्याचं नाव भिंतीवर लिहा. "सगळ्यांनी मिळून" लिहिलं तर कोणीच दाबत नाही.

अर्ध_बोट:
नाव देत नाही. डाव्या हाताच्या अनामिकेचं अर्धं पेर नाही माझं. हातमोजे घालून ड्रिलवर काम करत होतो, सेफ्टी म्हणून घातलेले, हाच विनोद आहे. फिरत्या मशीनवर हातमोजा नाही, एवढी एक ओळ जरी समोर असती तरी.

पण मला दुसरंच सांगायचंय. त्याच्या आधी दोन जणांचा हातमोजा त्याच ड्रिलमध्ये अडकता अडकता वाचला होता, आणि दोघांनीही सांगितलं नाही, कारण आमच्या तिथं चूक झाली की सुपरवायझर सगळ्यांसमोर झापायचा. म्हणून वही ठेवा, कुलूप न लावलेली, दाराशी. "आज काय होता होता राहिलं." नाव लिहायची सक्ती नको. डेंटिस्ट मॅडमचा किस्सा पहिल्या पानावर येऊ द्या. जो लिहितो त्याला चहा, रागवायचं नाही कोणी.

आणि हो, कूलरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) शीट वेल्ड करणाऱ्यांना सांगा, जस्ताचा धूर छातीत गेला की तोंड गोड लागतं आणि रात्री थंडी वाजून ताप येतो. गूळ खाऊन, दूध पिऊन काही होत नाही, आमचे सगळे मिस्त्री गूळच खायचे. वेल्डच्या जागेचं जस्त आधी घासून काढा आणि दार उघडं ठेवा.

डेंटिस्ट_मॅडम:
ती मीच 🙂 ओढणी खुंटीला होती कारण पहिल्याच दिवशी काकांनी बांगड्या, मंगळसूत्र, ओढणी सगळं उतरवायला लावलं होतं, मला राग आला होता तेव्हा. १९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या मशीनजवळ अंगाला घट्ट बसणारे कपडे असावेत असं होतं आणि ते कपडे मालकानं द्यायचे असंही होतं. त्याच कलमात बायकांनी चालत्या मशीनची सफाई करू नये असंही लिहिलेलं, ते वाचून हसू आलं, आमच्या वर्कशॉपमध्ये मशीन पुसतं कोण? असो. कार्डावर "सैल कपडे टाळा" असं मोघम लिहू नका. राखी, मनगटाचा गंडा, गळ्यातलं, ओढणी, मोकळे केस, एकेक नाव घेऊन लिहा. गंडा कोणी सैल कपड्यांत धरत नाही.

खटपट्या:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दोन रविवार झाले, सांगतो काय झालं.

पहिल्या रविवारी शाळेतले सर लेथवर, काका खुर्चीवर, मी वही घेऊन. तीन तासांत ४१ वेळा "थांब". त्यातले ११ चकची (लेथवर जॉब पकडणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्येच राहिल्याचे किंवा राहायच्या बेतात असल्याचे, म्हणजे एकच गोष्ट. माझ्या बावीस पानांत ती होती, पान ६ वर, इतर चौदा सूचनांमध्ये एक. आता कार्डाची पहिली ओळ तीच: चावीवरून हात सुटला तर चावी चकमध्ये नसावी. पण खरं आश्चर्य दुसरंच, नऊ "थांब" माणूस कुठे उभा आहे याबद्दल होते. चकच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला. हे काकांनी आजवर कोणाला तोंडानं सांगितलेलंच नव्हतं, नुसतं खांद्याला धरून सरकवायचे.

अडचण दुसऱ्या रविवारी आली. ग्राइंडरवर डिस्कचा गार्ड काकांनी स्वतःच काढून ठेवलेला. विचारलं तर म्हणाले, "कोपऱ्यात पोचत नाही गार्ड असला की, मी तीस वर्षं असंच केलं." आता कार्डावर काय लिहू? त्यांच्यासमोर "गार्डशिवाय वापरू नये" लिहायचं तर त्यांना वाईट वाटेल, आणि नाही लिहिलं तर पोट्टे त्यांचंच पाहून करतील.

निवृत्त_निदेशक:
लिहा. त्यांच्या समोरच लिहा, आणि खाली त्यांचीच सही घ्या. माझ्या अनुभवात जुना माणूस सही करताना दहा वेळा वाचतो. कोपऱ्यासाठी लहान डाय ग्राइंडर घ्या, गार्ड काढायचं कारणच राहणार नाही.

खटपट्या:
विचारलं. दोन दिवस बोलले नाहीत. काल स्वतःच गार्ड परत लावून ठेवला, सही केली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली: "डिस्क बदलताना वायर बोर्डातून काढावी, नुसता स्विच नाही." ती माझ्या ४१ मध्ये पण नव्हती.

खंडेनवमीला सगळ्या मशिनी धुऊन-पुसून पूजा करतोच, त्या दिवशी कार्डं टांगायची ठरलंय. आता शेवटचा प्रश्न, लॅमिनेशन केलेलं पहिलं कार्ड लेथजवळ पंधरा दिवसांत तेलानं फुगलं, कडेनं उघडलं. काय करावं?

इतवारीवाला:
लॅमिनेशन लेथजवळ टिकतच नाई भाऊ. अठरा गेजची शीट घ्या, पांढरा ऑइल पेंट मारा, अक्षरं पेंटरकडून काळ्या ऑइल पेंटनं लिहून घ्या. घासलेटनं पुसलं तरी अक्षर जात नाई. काकाची सही पण पेंटरले तशीच गिरवायला सांगा. शीट मी देतो, पैसे नको.