मुखपृष्ठावर कोणतं नाव हवं: विभावरी शिरूरकर की मालतीबाई बेडेकर?

पाचोळा
‘कळ्यांचे निःश्वास’ पुन्हा वाचलं. १९३३चा कथासंग्रह. शिकलेल्या, कमावत्या, लग्न लांबलेल्या मुली. त्यांच्या पगाराची सवय झालेली घरं. आणि या मुलींनाही शरीर असतं ही गोष्ट. त्यावर केवढा गदारोळ! ‘विभावरी शिरूरकर’ हा कुणी पुरुषच असणार, असेही तर्क झाले. निघाल्या हिंगण्यात, कर्व्यांच्या स्त्रीशिक्षण संस्थेत शिकलेल्या शिक्षिका बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. माझं म्हणणं, आता तरी पुस्तकावर खरं नाव मोठ्या अक्षरात छापा. ते टोपणनाव भीतीपोटी घेतलेलं. भीती गेली, बुरखा कशाला ठेवायचा?

तिरकस
मग ‘विशाखा’वरही कुसुमाग्रज काढून वि. वा. शिरवाडकर छापा की! गडकऱ्यांची तर तीन दुकानं: कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम, नाटकाला स्वतःचं नाव. तिथे कुणाला बुरखा दिसत नाही. बाईने नाव घेतलं की लगेच घाबरली म्हणायचं.

पाचोळा
तुलना चुकतेय. गोविंदाग्रज कोण हे कळल्याने गडकऱ्यांवर काय संकट येणार होतं? बाळूताई २८ वर्षांच्या, अविवाहित, मुलींना शिकवणाऱ्या. ज्या कर्व्यांच्या संस्थेत त्या घडल्या, त्यांच्याच मुलाला, र. धों.ना, संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली होती. पुढे त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचे खटले. पुरुषाची ही गत, तर मास्तरीणबाईंचं काय झालं असतं?

कुंपणावरची
पाचोळा, भीती होती हे कबूल. पण मग १९५०ला त्यांची ‘बळी’ कादंबरी कुणाच्या नावाने आली? विभावरी शिरूरकर! तोवर बाई कोण ते उघड झालं होतं, विश्राम बेडेकरांशी लग्न होऊनही बारा वर्षं झाली होती. ‘बळी’ सोलापूरच्या, इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीवर आहे, तिथे त्यांनी स्वतः काम केलेलं. हा अनुभव त्या बिनदिक्कत मालतीबाई म्हणून मांडू शकल्या असत्या. नाही मांडला.
उलट ‘घराला मुकलेल्या स्त्रिया’सारखं अभ्यासाचं काम मालतीबाई म्हणून, आणि ‘अलंकार-मंजूषा’ त्याआधीच बाळूताई खरे म्हणून. त्यांनी कामं वाटून दिली होती. आपण कोण ती वाटणी मोडणार?

पाचोळा
‘बळी’चा मुद्दा बिनतोड आहे. तरी एक सल राहते. त्यांच्या ‘हिंदोळ्यावर’ कादंबरीतली अचला, नवऱ्याने टाकलेली, लग्नाशिवाय सोबत आणि मूल मागते. हिंदू बाईला मुंबई प्रांतात घटस्फोटाचा कायदा मिळाला १९४७ला, कादंबरी त्याच्या कितीतरी आधीची. हे एका जित्याजागत्या बाईने लिहिलं, हे कॉलेजच्या मुलींना कळायला नको? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींना विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई या दोन वेगळ्या लेखिका वाटल्या.

तिरकस
तो दोष तुमच्या शिकवण्याचा, मुखपृष्ठाचा नव्हे. (हलकं घ्या.)

घोडनदीकर
आमच्या गावचा विषय निघालाय म्हणून दोन ओळी. शिरूरला आम्ही घोडनदीच म्हणतो, खरेमास्तरांची मुलगी इथलीच. आता सांगा, लपायचंच असतं तर आपल्याच गावाचं आडनाव कुणी लावतं का? पहिलं नाव विभावरी, म्हणजे रात्र. त्याला चिकटवलं शिरूरकर. अंधारात उभं राहून पत्ता सांगितल्यासारखं आहे हे. मला तरी यात भीतीइतकीच खोडीही दिसते.

पाचोळा
हे कधी डोक्यात आलं नव्हतं. बरं, माझी मागणी अर्धी मागे. पुढे विभावरीच राहू दे. पण मलपृष्ठावर मालतीबाईंचा फोटो आणि तिन्ही नावं, त्यावर मी अडून बसणार.

कुंपणावरची
फोटो चालेल. नावांत ‘बाळूताई खरे’ पहिलं हवं, कारण ज्या वर्षी ते पुस्तक आलं त्या वर्षी मालतीबाई बेडेकर नावाची कुणी नव्हतीच.