मदत हवी: रविवारी दहाला सर्व्हर आडवा, लोड टेस्टमध्ये मात्र ठणठणीत

नमस्कार मंडळी,

दादाचे दहावी-बारावीचे क्लासेस आहेत. त्याच्यासाठी मी लाराव्हेल ११ मध्ये (पीएचपी भाषेतलं साइट बनवायचं फ्रेमवर्क) सराव परीक्षेची साइट बनवली. ४० पोरं होती तोवर शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) निभावलं. यंदा ३८० झाली, म्हणून १ कोअर, २ जीबी रॅमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला.

पेपर रविवारी १० ला. ९:५८ ला सगळे एकदम लॉगिन करतात आणि १०:०१ ला वहिनीचा फोन, "भावजी, पालक ओरडतायत!" स्क्रीनवर ५०४, म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तरच नाही. दहा-पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप सुरळीत.

गंमत म्हणजे शुक्रवारी रात्री के-सिक्स या लोड टेस्टच्या टूलने ४०० व्हर्च्युअल (खोटे) युजर साइटवर सोडून बघितले होते. ९५ टक्के रिक्वेस्ट २०० मिलिसेकंदांच्या आत. खूश होऊन झोपलो.

पीएचपी-एफपीएमच्या (साइटचा पीएचपी कोड चालवणारा प्रोग्रॅम) लॉगमध्ये एकच ओळ: मॅक्स चिल्ड्रन (एकावेळी जास्तीत जास्त किती पीएचपी प्रोसेस) ५ ची मर्यादा गाठली, वाढवायचं बघा. २५ केले. पुढच्या रविवारी रॅम संपली आणि लिनक्सने मायएसक्यूएल हा डेटाबेसच मारून टाकला. आगीतून फुफाट्यात.

आता मोठं मशीन घेऊ, डेटाबेस वेगळा काढू, की ऑटोस्केलिंग (गर्दीप्रमाणे आपोआप मशीन वाढवणं)? बजेट महिन्याला दोन हजार, त्यावर दादा एक रुपया देणार नाही.

प्रतिसाद १:
टेस्ट कुठल्या पानावर मारली होती?

धागाकर्ता:
होमपेजवर.

प्रतिसाद १:
तिथेच गोम आहे. होमपेज नुसतं एचटीएमएल असेल तर पुढे बसलेला वेब सर्व्हर एनजिनएक्सच देऊन मोकळा होतो, रिक्वेस्ट पीएचपीपर्यंत जातच नाही. तुमची गर्दी लॉगिनवर आहे. पासवर्ड तपासणारं बीक्रिप्ट मुद्दामच संथ ठेवलेलं असतं. लाराव्हेल ११ मध्ये त्याची कॉस्ट (किती संथ, त्याची पातळी) १२, म्हणजे एका लॉगिनला साधारण पाव सेकंद सीपीयू. ३८० पोरांचे नुसते पासवर्ड तपासायलाच एका कोअरला दीड मिनिट. एनजिनएक्स ६० सेकंद थांबतो आणि ५०४ देतो. मग पोरं रिफ्रेश दाबत बसतात, रांग आणखी वाढते. चिल्ड्रन वाढवून कोअर वाढत नाही, रॅम तेवढी जाते.

कॉस्ट कमी करू नका. लॉगिन ९:३० लाच उघडा, पेपर १० ला. ऑटोस्केलिंग विसरा, नवं मशीन उभं राहीपर्यंत गर्दी ओसरलेली असेल. टेस्टमध्ये खरं लॉगिन, मग प्रश्नपत्रिका, मग उत्तर सेव्ह, सगळं घ्या. तीही दुसऱ्या मशीनवरून आणि होस्टिंगवाल्याला आधी कळवून, नाहीतर हल्ला समजून आयपी ब्लॉक करतील.

धागाकर्ता:
साइटची कॉपी तशाच मशीनवर टाकली आणि मिनिटभरात ४०० लॉगिन सोडले. शंभरेक लॉगिन झाल्यावर पानं दहा-दहा सेकंदांवर गेली, टॉप कमांडमध्ये सीपीयूचा वापर १०० टक्क्यांना चिकटलेला. पहिल्यांदाच रविवार नसताना सर्व्हर आडवा पाडता आला! लॉगिन साडेनऊला उघडतोय, मशीन २ कोअर, ४ जीबी. एका प्रोसेसला ७० एमबी धरले तर हिशेबाने ३० चिल्ड्रन बसतात. पण दोन कोअरला ३० ठेवण्यात अर्थ आहे का?