शब्दचर्चा: निवृत्ती, आणि ‘रिकामा’ व ‘मोकळा’ यांतलं अंतर

नोकरी संपून वर्ष होत आलं. परवा एक अर्ज भरताना ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी पेन अडलं. इतकी वर्षं तिथे न बघता ‘शिक्षिका’ लिहीत आले. या वेळी ‘सेवानिवृत्त’ लिहिलं आणि लिहून झाल्यावर जाणवलं, रकाना विचारतोय मी काय करते आणि मी सांगतेय काय करत नाही. तेव्हापासून या वयाभोवतीचे शब्द वहीत टिपून ठेवतेय. त्यातले काही इथे मांडते, तुम्ही भर घाला.

आधी ‘निवृत्ती’च घेऊ. संस्कृत ‘वृत्’ म्हणजे असणे, वळणे, फिरणे. आवर्तन, परिवर्तन, वर्तुळ ही सगळी त्याच घरातली. ‘नि’ लागला की अर्थ होतो मागे फिरणे, थांबणे. प्रवृत्तीच्या उलट. पण मला जास्त विचार करायला लावलं ते मधल्या ‘वृत्ती’नं. वृत्ती म्हणजे उपजीविकेचं साधन आणि वृत्ती म्हणजे मनाचा कलही. नोकरीतून निवृत्त होताना सुटते ती पहिली. दुसरीला निरोप समारंभ नसतो. समोरचं मूल गोंधळलं की खडू शोधणारा माझा हात अजून तसाच आहे.

(लिहिताना एक सांभाळा: सुटा शब्द ‘निवृत्ती’ दीर्घ, पण समासात ह्रस्व. निवृत्तिवेतन, निवृत्तिनाथ. ‘निवृत्तीवेतन’ सर्रास दिसतं, ते चूक.)

याच धातूचं आणखी एक मराठी रूप आहे, ‘निवर्तणे’. ‘ते निवर्तले’ म्हणजे वारले. जुन्या लेखनात सतत भेटतं. एकाच मुळापासून एक शब्द नोकरी संपल्याचा, दुसरा आयुष्य संपल्याचा. ही जवळीक मला बोचते, आणि म्हणूनच मला वाटतं की या काळासाठी कशाच्या तरी शेवटावरून न घडलेला शब्द हवा.

आता माझा खरा प्रश्न. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, “मग, वेळ कसा घालवता?” मराठीत आपण काय काय घालवतो बघा: पैसे घालवतो, अब्रू घालवतो, संधी घालवतो, हातचं गिऱ्हाईक घालवतो. घालवण्यात गमावणं आहे. किंवा घालवून देणं आहे, नकोशा माणसाला दारापर्यंत. हातात एवढा मोठा काळ आला आणि त्याच्यासाठी आपल्याकडे क्रियापद हे! ‘वेळ काढणे’ तर दोन तोंडांचं आहे. “तुझ्यासाठी वेळ काढून आले” यात माया आहे, “कसाबसा वेळ काढतोय” यात कंटाळा. आणि ‘दिवस काढणे’ म्हणजे सरळ हाल.

विशेषणांतही तेच. ‘रिकामा’ आणि ‘मोकळा’ हे कोशात शेजारी बसतील, पण रिकामा माणूस म्हटलं की रिकामटेकडा आठवतो, भिंतीला तुंबड्या लावणारा न्हावी आठवतो. मोकळा माणूस म्हटलं की कौतुक असतं. डबा रिकामा होतो, केस मोकळे सोडतात. रिकामं घर अंगावर येतं, मोकळं घर ऐसपैस वाटतं. मोकळा हा ‘मुक्त’च्या कुळातला; त्यात आधीचं बंधन आणि त्यातून सुटका दोन्ही आहे. रिकाम्यात फक्त नसणं आहे. ज्यांची नोकरी संपली ते रिकामे झाले की मोकळे, हे ठरवायला आपण कोणते शब्द वापरतो याचा थोडा तरी हात असतो, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद

फार आवडलं. इंग्रजी ‘रिटायर’चंही तेच आहे. फ्रेंच ‘रतिरे’ म्हणजे मागे ओढून घेणे, आणि इंग्रजीत सुरुवातीला, सोळाव्या शतकात, तो सैन्याच्या माघारीसाठीही वापरत. म्हणजे तिथेही पाय मागेच. स्पॅनिशमध्ये मात्र निवृत्तीला ‘हुबिलासियोन’ म्हणतात. त्यामागे लॅटिनमधला आनंदाने ओरडण्याचा शब्द आहे. जर्मन लोक ‘विश्रांतीची अवस्था’ म्हणतात, तमिळमध्येही ‘ओय्वु’ म्हणजे विश्रांतीच. कोण मागे वळतं, कोण विसावतं, कोण जल्लोष करतं.

आणि ते ‘रि-टायर म्हणजे नवे टायर बसवणे’ भाषणांत ऐकायला बरं वाटतं, पण ती व्युत्पत्ती नाही. दोन शब्दांचा काही संबंध नाही.

प्रतिसाद

ताई, तुमच्या वहीत ‘उतारवय’ आहे का? मला तो शब्द बरीच वर्षं आवडत नव्हता. उतार म्हणजे घसरण, असंच डोक्यात. मग वडील आजारी असताना डॉक्टर म्हणाले, “आता उतार पडतोय,” आणि सगळ्यांचे चेहरे सैल झाले. आजाराला उतार पडतो, तापाला पडतो, पुरालाही पडतो. शिवाय नदी जिथून पायी ओलांडता येते त्या जागेलाही उतारच म्हणतात. “पुढे उतार आहे” म्हटलं की वाटसरूला हायसं वाटायचं. चढणीवर दम लागतो, आजूबाजूला बघायला होत नाही. उतारावर मान वर करता येते. पाय जपून टाकावे लागतात, ते खरंच. पण शब्दात हे सगळं आहे, नुसती घसरण नाही.

प्रतिसाद

सगळी चर्चा नोकरदारांची चालली आहे म्हणून लिहिते. ‘सेवानिवृत्ती’ या शब्दात मी कुठे बसते? यजमान निवृत्त झाले, हार झाला, भाषणं झाली. दुसऱ्या दिवशी ते घरी होते आणि माझं काम वाढलं. घर सांभाळणाऱ्या बाईला किंवा शेत कसणाऱ्याला निवृत्तीची तारीख नसते, त्यामुळे शब्दही नसतो. आमच्याकरता भाषेत एकच आहे: ‘थकली’. “आई आता थकली हो.” म्हणजे म्हातारी झाली. कामातून सुटण्याचा दुसरा रस्ताच नाही, अंग थकेल तेव्हा सुटायचं. मोकळं होण्यासाठी आधी थकावं लागू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादावर काय लिहावं कळेना. पुन्हा पुन्हा वाचला. ‘थकली’ मी माझ्या आईबद्दल शंभर वेळा बोललो असेन, त्यात काय दडलंय हे आज दिसलं.

प्रतिसाद

पेन्शनबद्दल थोडं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘वजन करणे’. देणं तोलून चुकतं करायचे, त्यावरून देणं देणे. तेव्हा ते उपकाराचे पैसे नव्हेत, चुकतं केलेलं देणं आहे. ‘पेन्शनीत निघाला’ असं पूर्वी म्हणत, ते ‘निघाला’ मला छान वाटतं. कुठेतरी निघाल्यासारखं.

धागाकर्ती

‘थकली’ लिहिणाऱ्या ताई, तुमचा मुद्दा माझ्या वहीत नव्हता, आणि तो सगळ्यांत वर असायला हवा होता. मी पगारी नोकरीच्या आतून बघत होते. ‘निवृत्त’च्या आधी आपण ‘सेवा’ जोडतो, पण घरातली सेवा त्या शब्दात मोजतच नाही. यजमानांना हा प्रतिसाद वाचायला द्या, अशी विनंती.

‘उतार’ लिहून घेतला. मलाही तो शब्द आता परत घेता येईल.

मोकळ्या वेळासाठीचे शब्द तपासताना मात्र वेगळंच दिसलं. ‘फुरसत’ अरबीतून आली, आणि तिथे त्या शब्दाचा अर्थ संधी. हिंदीत ‘अवसर’ म्हणजे संधी. बंगालीत तोच शब्द फुरसतीसाठी आहे आणि निवृत्तालाही तिथे ‘अवसरप्राप्त’ म्हणतात. ग्रीकमध्ये फुरसतीला जो शब्द होता, ‘स्कोले’, त्यावरूनच इंग्रजी ‘स्कूल’ आला. आयुष्यभर मी शाळेत होते आणि हे मला शाळेतून बाहेर पडल्यावर कळलं. म्हणजे जिथे जिथे मोकळ्या वेळाचं नाव उलगडून पाहावं, तिथे संधी निघते, जागा निघते, शिकणं निघतं. ‘घालवण्या’चा कुठे मागमूस नाही.

निवृत्तांना ‘छंद लावून घ्या’ असं सुचवतात. छंद वाईट नाही, पण मला ‘व्यासंग’ जास्त जवळचा. ‘सञ्ज्’ म्हणजे चिकटणे, त्यावरून व्यासंग. एखाद्या विषयाला चिकटून राहायचं, आज थोडं, उद्या त्याच्या पुढचं. विरंगुळ्याने दुपार जाते, व्यासंगाला दुपार पुरत नाही.

प्रतिसाद

तुमच्या यादीत ‘अवकाश’ टाका. “अजून अवकाश आहे” म्हणजे वेळ आहे, आणि अवकाशयान जातं तेही अवकाशातच. हिंदीत तर निवृत्त माणसाला ‘अवकाशप्राप्त’ म्हणतात. मला दोन्ही अर्थांनी अवकाश मिळाला. साठाव्या वर्षापर्यंत मला एक नक्षत्र ओळखता येत नव्हतं. निवृत्तीनंतर हिवाळ्यात गच्चीवर जाऊन मृग शोधायला शिकलो. मधले तीन तारे एका ओळीत, एकदा दिसले की परत चुकत नाहीत. त्या ओळीची रेघ एका बाजूला लांबवली की व्याध लागतो, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला लांबवली की तांबूस रोहिणी. पहिल्यांदा ती रेघ बोटाने ओढून रोहिणीपर्यंत पोचलो तेव्हा गच्चीवर एकटाच असून मोठ्याने “सापडली” म्हणालो.

धागाकर्ती

काका, लिहून घेतलं. मृग कोणत्या महिन्यात अंधार पडल्या पडल्या दिसतो, ते सांगाल का? आमच्याकडेही गच्ची मोकळी आहे.

प्रतिसाद

जानेवारी-फेब्रुवारीत बघा. दिवे मालवून पंधरा-वीस मिनिटं नुसत्या बसा, डोळे अंधाराला सरावले की तारे वाढत जातात.