उंच पेटी सगळ्यांनी घ्यायची, हे कुणी ठरवलं?

शिरगावचा डिस्पॅचवाला:
काल सकाळी आमच्या मालकांच्या मुलानं मला मोबाइल दाखवला. निर्यातदारांच्या ग्रुपवरची पोस्ट होती, जहाजानं माल जातो त्या पेटीबद्दल, म्हणजे कंटेनरबद्दल. हायक्यूब म्हणजे त्यातली फूटभर उंच पेटी. "चाळीस फुटी घ्यायची तर हायक्यूबच घ्या. भाडं तेवढंच, जागा १३ टक्के जास्त. अजून साधी पेटी मागवणारा स्वतःचा पैसा समुद्रात टाकतोय, त्याला धंदा कळत नाही." खाली अंगठ्यांची रांग. मुलगा म्हणाला, "काका, मग आपण का घेत नाही?"

बावीस वर्षं कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी माल, भरतोय मी. म्हणून सविस्तर लिहितो.

घनमीटरचा हिशेब बरोबर आहे, त्याबद्दल वाद नाही. साध्या चाळीस फुटीत ६७, हायक्यूबमध्ये ७६. साधी बाहेरून साडेआठ फूट उंच, ही साडेनऊ. पण आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथनं जे जातं ते बहुतेक लोखंड. लोखंड जागेवर अडत नाही, वजनावर अडतं. आमची वीस फुटी बघा. आतली लांबी ५.९० मीटर, रुंदी २.३५. मीटरभराच्या लाकडी खोक्यांच्या दोन ओळी, ओळीत पाच. दहा खोकी, खोक्याला दोन टन, झाले वीस टन. खोकं माझ्या कमरेएवढं. त्याच्यावर छतापर्यंत मोकळं. चाळीस फुटी घेतली तरी अमेरिकेत रस्त्यावर साधारण ४४,००० पौंडांच्या पुढं माल चालत नाही, म्हणजे तेही वीस टनच. मग वरचा फूट घेऊन मी त्यात काय भरू?

आणि त्रास वेगळा. दोन वर्षांमागं साधी चाळीस फुटी मागितली होती, आली हायक्यूब. ट्रेलरची पाटी जमिनीपासून दीड मीटर, त्यावर २.९० ची पेटी, झाले ४.४० मीटर. आमच्या गेटची कमान ४.३०. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, चाकातली हवा सोडू काय?" शेवटी ट्रेलर रस्त्यावरच उभा केला आणि एकेक खोकं फोर्कलिफ्टनं गेटाबाहेर नेलं. चार तासांचं काम रात्री अकरापर्यंत चाललं, शेजारच्या युनिटचे शिव्या-शाप वेगळे.

ज्याला जे भरायचं त्यानं तशी पेटी घ्यावी. पण दुसऱ्याला धंदा कळत नाही म्हणू नये.

इचलकरंजी_टॉवेल:
काका, मान ठेवून बोलतो, पण तुमचा जिल्हा लोखंडानं सुरू होतो आणि लोखंडानंच संपतो. आम्ही पण याच जिल्ह्यात राहतो.

टॉवेल-चादरींची चाळीस फुटी छताला टेकली की वजन भरतं बारा-तेरा टन. आम्ही जागेवर अडतो. आठ साध्या पेट्यांचा माल सात हायक्यूबमध्ये बसतो, चार घनमीटर इकडंतिकडं. आठवी पेटी वाचली म्हणजे तिचं समुद्राचं भाडं वाचलं, न्हावा शेव्यापर्यंतचा ट्रेलर वाचला, बंदराचा खर्च वाचला, एक बिल ऑफ एंट्रीची कटकट वाचली. सुताचे भाव, विजेची बिलं, मागाचा खडखडाट यातनं आम्हाला नफा उरतो तो एवढाच. ती पोस्ट माझी नाही, पण खाली अंगठा माझा होता, आणि तो मी काढणार नाही.

गेटची कमान बुटकी असली तर कमान फोडा. पेटीला दोष देऊन काय उपयोग?

शाहूपुरीची सीएचए:
मी सीएचए, म्हणजे कस्टमचे कागद करणारी एजंट, म्हणून सांगते. निर्यातीला शिपिंग बिल असतं हो, बिल ऑफ एंट्री आयातीला. दुरुस्त करा, नाहीतर नवीन पोरं तेच शिकतील.

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोघंही "मागवतो" म्हणताय. आज चाळीस फुटी मागितली की बहुतेक वेळा हायक्यूबच येते, कारण जगभरातल्या चाळीस फुटींत आता तीच जास्त आहे. साधीच हवी असेल तर बुकिंगमध्ये तसं लिहून घ्या आणि रिकामी पेटी यार्डातनं निघायच्या आधी नंबर नि प्रकार तपासा. काकांनी ते केलं असतं तर रात्रीचे अकरा वाजले नसते.

आणि एक, ज्यावरून माझं रोज भांडण होतं. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या पेटीचं तपासलेलं वजन दिल्याशिवाय ती जहाजावर चढत नाही. कितीतरी लोक मालाच्या वजनात मिळवायला रिकाम्या पेटीच्या वजनाचा आकडा मागच्या फाइलमधला तसाच उतरवतात. हायक्यूब साध्यापेक्षा दीड-दोनशे किलो जड असते. दारावर आकडा रंगवलेला असतो. चार पावलं चालून तो वाचायला काय होतं? कागद मी भरते, फोन मला येतात, आणि शिव्या पण मलाच.

गुळव्या_करवीर:
आमचा अनुभव सांगतो. गूळ वजनालाच जड, आम्हाला वीस फुटी पुरते. तरी एका एजंटानं सांगितलं, मोठा माल एकदम पाठवा, हायक्यूब घ्या. घेतली. वजनाची हद्द आली तेव्हा पेटी निम्मी रिकामी. दिवसा पत्रा तापला, रात्री समुद्रावर थंड पडला, आतल्या हवेतलं पाणी छताला धरलं आणि टपकलं. तिकडं दार उघडलं तर वरच्या थराची खोकी पापडासारखी मऊ, गूळ पाझरलेला, मुंग्या लागल्यागत चिकट सगळं. पाणी ओढणाऱ्या पिशव्या टांगल्या होत्या, पण वीस फुटीच्या हिशेबानं. जेवढी हवा जास्त तेवढं पाणी जास्त, हे मला ते पैसे गेल्यावर कळलं.

शिरगावचा डिस्पॅचवाला:
गुळव्यादादा, हेच म्हणतोय मी. आणि घाटाचं कोण बोलणार? इथनं पुण्याकडं जाताना खंबाटकीचा बोगदा सुटला की ते एस वळण आहे. पुढं नवले पुलाचा उतार. उंच पेटी तिथं कलंडते. रेल्वेनं तर २०१८ साली उलट केलं. गुजरातेत विजेच्या तारेखाली दोन थर जावेत म्हणून सहा फूट चार इंचांची बुटकी पेटी काढली. म्हणजे उंची वाढवणं हा एकच रस्ता नाही.

कागलचा ट्रेलर:
काका, ह्यात तुमचं चुकलं. अठरा वर्षं तो रस्ता मारतोय. पेटी उंच म्हणून गाडी कलंडत नाही, वजन वर असलं की कलंडते. तुमचं लोखंड तळाला बसलेलं, वर फूटभर पत्रा वाढला तर गाडीला कळतबी नाही. गाडी कलंडते ती खोकी नीट न बांधल्यानं. वळणावर एक खोकं सरकलं की सगळी एका अंगाला. तुमच्या शिरगावातनंच एकदा भरलेली पेटी मी परत वळवून आणली होती. आतनं धडधड येत होती, सील लावलेलं, उघडता येईना. लाकडी ठोकळे मारायचे दोनशे रुपये वाचवले होते कुणीतरी.

उंचीचा त्रास आम्हाला गावात होतो. गल्लीतल्या तारा, केबलचे झोळ. क्लिनर वर चढून दुबेळक्या बांबूनं तार उचलतो आणि मी मुंगीच्या चालीनं गाडी काढतो. त्या पोराला काय झालं तर कोण येणार?

आणि २०१९ ला, २०२१ ला शिरोलीत महामार्गावर पाणी आलं तेव्हा उंच काय नि बुटकी काय, सगळ्याच उभ्या होत्या. त्यावर कुणी पोस्ट टाकत नाही.

माथाडीचा पोरगा:
सगळे बोलले. फूटभर उंचीत माल चढवतो कोण, त्याचं नाव एकानं काढलं नाही.

माझा बाप शाहू मार्केट यार्डात गुळाचे तीस किलोचे रवे उचलायचा. चुलते इचलकरंजीत पेट्या भरतात. टॉवेलचं खोकं ३३ सेंटिमीटर उंच. साध्या पेटीत त्याचे सात थर, हायक्यूबमध्ये आठ. आठवा थर ठेवायचा तर खोकं २.३१ मीटरवर न्यावं लागतं. माझा चुलता पाच फूट पाच इंच, हात वर केला की बोटं जेमतेम दोन मीटरला लागतात. मग तो कशावर उभा राहतो? खाली टाकलेल्या दोन खोक्यांवर, जी पायाखाली दबतात. मे महिन्यात पत्र्याच्या आत, डोक्यावर वीस-बावीस किलो, मान मागं टाकून. दोन वर्षांमागं खोकं दबलं, ते पडले, मनगट मोडलं. मालकानं डॉक्टरचे पैसे दिले, दीड महिन्याच्या मजुरीचं विचारल्यावर म्हणाला, "पेटीचा दर ठरलेला आहे."

मजुरी पेटीमागं. साध्या पेटीला जो दर, तोच हायक्यूबला. तेरा टक्के माल जास्त, दर तेवढाच. तुमची आठवी पेटी वाचली ना? ती माझ्या चुलत्यानं खांद्यावर वाचवली.

इचलकरंजी_टॉवेल:
भावा, चर्चा पेटीची चालली आहे, तू युनियनचं काय काढलंस? प्रत्येक गोष्टीत मालक राक्षस. आमच्याकडं कामगारांना चहा-नाष्टा, दिवाळीला बोनस सगळं आहे.

माथाडीचा पोरगा:
चहा विचारला नाही मी. दर विचारला. हायक्यूबला वेगळा देता का नाही? एका शब्दात सांगा.

आणि युनियन काढली नाही, पण काढायची तर काढतो. १९६९ चा माथाडी कायदा झाला तो असल्याच हिशेबापायी. साखरेचं पोतं शंभर किलोचं होतं, ते पन्नासवर आलं. तेव्हाही म्हणत होते, धंदा बुडेल. बुडाला का एखादा कारखाना त्यापायी?

शाहूपुरीची सीएचए:
दोघंही जरा थांबा. यावर उपाय पॅलेट आहे, म्हणजे खोकी रचून फोर्कलिफ्टनं उचलायची लाकडी चौकट. सव्वा मीटरचे दोन पॅलेट एकावर एक ठेवले तर अडीच मीटर होतात. हायक्यूबचं दार २.५८, बसतात. साध्याचं दार २.२८, बसत नाहीत. फोर्कलिफ्टनं काम, कुणाच्या मानेवर नाही. उंच पेटीचा खरा उपयोग हाच आहे.

इचलकरंजी_टॉवेल:
मॅडम, पॅलेटचं लाकूड एकेक पंधरा सेंटिमीटर खातं. दोन थरांत तीस गेले, म्हणजे मिळालेला फूट तिथंच संपला. वर पॅलेटच्या कडेनं जागा सुटते ती वेगळी. मग हायक्यूब घेतली कशाला? शिवाय आमच्याकडं डॉक नाही, उतरता रॅम्प नाही. ट्रेलर गल्लीत उभा राहतो, फळी टाकून माल चढतो.

माथाडीचा पोरगा:
अजून उत्तर नाही आलं.

कागलचा ट्रेलर:
पोरगा बरोबर विचारतोय. मी बाजूला गाडी लावून बघत असतो. शेवटचे दोन थर भरताना कुणी बोलत नाही, नुसता श्वास ऐकू येतो आतनं. टॉवेलवाले, देऊन टाका उत्तर.

इचलकरंजी_टॉवेल:
नाही देत. दर पेटीवरच आहे, सगळ्या गल्लीत तसाच आहे, मी एकट्यानं ठरवलेला नाही. आता झालं समाधान?

शिरगावचा डिस्पॅचवाला:
मी पेटीवर वाद घालायला आलो होतो आणि हा मुद्दा माझ्याही डोक्यात नव्हता. आमची खोकी फोर्कलिफ्ट उचलतं, म्हणून मला कधी दिसलंच नाही. ट्रेलरवाले, घाटाचं तुमचं खरं, मी ऐकीव बोललो. ठोकळ्यांचं मात्र आमच्या युनिटचं नसणार, मी स्वतः मारून घेतो.

टॉवेलवाल्या भावाला एकच सांगतो. हलक्या मालाला तुझी पेटी बरोबर, हे मान्य करतो, आवडत नसलं तरी. पण वाचलेल्या पेटीतला थोडा वाटा आठव्या थरावर जाऊ दे.

इचलकरंजी_टॉवेल:
काल रात्रभर चिडचिड झाली माझी. आज सकाळी एक पेटी भरायची होती. मुद्दाम आत जाऊन उभा राहिलो, एरवी मी बाहेरच टॅली करत असतो. सात थर होईपर्यंत ठीक होतं. आठव्याला आमचे मामा खोक्यावर चढले, आणि पायाखालचं खोकं कसं बसलं ते बघितलं. आतला माल माझाच, दबलेला टॉवेल मीच गिऱ्हाइकाला पाठवणार होतो.

हायक्यूब सोडणार नाही, ते स्पष्ट सांगतो. आठव्या थराला खोक्यामागं वेगळा दर आजपासून लावला आहे. गल्लीतले बाकीचे बोंब मारतील, मारू देत. आणि वर उभं राहून भरायला लोखंडी घोडा करून घेतो.

माथाडीचा पोरगा:
घोडा कुणाकडून करताय? माप चुकलं तर तो कोपऱ्यात पडून राहील. चुलत्यांना विचारून सांगतो.

माथाडीचा पोरगा:
विचारलं. उंची तीन फूट, म्हणजे खोकं खांद्यावरनं सरळ आत सरकतं, मान मागं जात नाही. लांबी सात फूट, त्याहून मोठा केला तर पेटीत आडवा फिरत नाही. रुंदी दोन फूट, दोघं उभे राहिले पाहिजेत, एक देणारा, एक लावणारा. चढायला दोन पायऱ्या. वर चेकर्ड प्लेट टाका, साधा पत्रा घामानं निसरडा होतो. चाकं लावाल तर ब्रेकवाली.

शिरगावचा डिस्पॅचवाला:
चेकर्ड प्लेटचे तुकडे आमच्याकडं पडलेले आहेत. सात बाय दोनचा निघेल. कागलच्या ट्रेलरवाल्यांच्या गाडीत टाकून देतो, शनिवारी इचलकरंजीवरनं जाणार असतील तर.

कागलचा ट्रेलर:
शनिवारी हाय. दुपारी दोनला गेटवर येतो. कमानीखालनं जाईल काका, रिकामी गाडी हाय.