साठवलेल्या मान्नाला किडे का पडले? इस्राएलांच्या चाळीस वर्षांतून नक्की काय घ्यायचं?

शेवग्याची_शेंग (धागाकर्ती)

मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून मोशेबरोबर सुटलेल्या इस्राएल लोकांच्या वाळवंटातल्या पायपिटीची गोष्ट बायबलमध्ये आहे. तिच्याबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक उपदेशाचा: कुरकुर केली म्हणून भटकत राहिले, तुम्ही करू नका. दुसरा चेष्टेचा: होरेबपासून (म्हणजे सीनाय पर्वतापासून) कादेश-बर्ण्यापर्यंत अकरा दिवसांची वाट असं खुद्द बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलंय, आणि या मंडळींना कनानात, म्हणजे देवाने कबूल केलेल्या देशात, पाय ठेवायला चार दशकं लागली!

माझं म्हणणं वेगळं आहे. या गोष्टीतलं अध्यात्म समुद्र दुभंगण्यात नाही, मापात आहे. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा १६वा अध्याय काढा. सकाळी दव उडून गेलं की जमिनीवर हिमकणांसारखं बारीक काहीतरी पसरलेलं असे. हाच मान्ना, देवाने दिलेलं अन्न. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, एवढंच गोळा करायचं. कुणी जास्त भरलं, कुणी कमी. मोजलं तेव्हा जास्तवाल्याचं उरलं नाही आणि कमीवाल्याला पुरलं. काहींनी 'असू दे उद्याला' म्हणून ठेवलं, त्यात किडे पडले, घाण सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचं, आणि ते मात्र दुसऱ्या दिवशीही ताजं.

आता हे लोक कोण, ते आठवा. पिथोम आणि रामसेस ही फारोची, म्हणजे मिसरच्या राजाची, कोठारांची नगरं बांधून ज्यांच्या पाठी मोडल्या, ते. आयुष्यभर दुसऱ्याची कोठारं रचणाऱ्यांना देव पहिला धडा देतो तो कोठाराशिवाय जगण्याचा. आणि ज्यांना मुकादमाने कधी सुट्टी दिली नाही, त्यांना आठवड्याला एक दिवस हक्काचा विसावा. सीनाय पर्वतावरच्या दहा आज्ञा अजून व्हायच्या आहेत, त्याआधी हे.

उपासनेचंही तेच. निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, सोडून, बांधून, खांद्यावर घेऊन निघता येईल असा. कराराच्या कोशाचे (आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीचे) दांडे कड्यांतून कधीच काढायचे नाहीत अशी आज्ञा, मुक्काम असला तरी. मंडपासाठी लोकांनी इतकं आणलं की कारागिरांनी काम थांबवून मोशेला सांगितलं, फार झालं. मग छावणीत दवंडी फिरली: आता कुणी काही आणू नये. 'देणगी पुरे' अशी पाटी तुम्ही कुठल्या देवस्थानाबाहेर पाहिली असेल तर जरूर कळवा.

तुम्हाला काय वाटतं?

खवट_पंत

शेंगताई, लिहिलंय गोड. पण कोवळी पानं तेवढी खुडलीत.

त्याच निर्गमात, १६ पानं पुढे नाही तर १६ अध्याय पुढे, सोन्याचं वासरू आहे. मोशे चाळीस दिवस डोंगरावर, खाली लोक कावरेबावरे. मोशेचा भाऊ अहरोन कानातली सोनी मागून घेतो, पूजेसाठी वासरू ओततो. मोशे उतरतो आणि लेवींना, म्हणजे त्याच्याच कुळातल्यांना, सांगतो, तलवारी बांधा. त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं पडली, भाऊ म्हटला नाही, शेजारी म्हटला नाही. अहरोनाला काय झालं? तो पुढे महायाजक झाला.

आणि ज्या विसाव्याचं कौतुक चाललंय, त्या दिवशी एक माणूस रानात लाकडं वेचताना सापडला. गणना या पुस्तकाचा १५वा अध्याय. छावणीबाहेर नेऊन सगळ्यांनी मिळून दगडांनी ठेचला. नाव नाही, गाव नाही, का वेचत होता तेही नाही. हक्काची सुट्टी म्हणता ती ही?

मापाचं अध्यात्म सांगायचं तर या मापानेही मोजा की.

नगरी_मिसळ

दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. मंडपाच्या अंगणात शिरलं की पहिल्यांदा काय दिसे? होमवेदी, पशुबळी जाळायची. शंभर हात लांब, पन्नास हात रुंद त्या अंगणात वेदी ओलांडल्याशिवाय मंडपाकडे जाताच येत नाही. शेंगताईंनी दांडे, दवंडी, ओमर सगळं घेतलं, वेदी आणि रक्त तेवढं टाळलं. आजच्या वाचकाला रक्त नको असतं हे समजतं, पण मग ती इस्राएलाची उपासना उरत नाही, शनिवार-रविवारचं शिबिर होतं.

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) लहानपणापासून शिकलो ते असं की वाळवंटातली प्रत्येक वस्तू पुढच्याकडे, ख्रिस्ताकडे, बोट दाखवते. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलं की ज्या खडकातून वाळवंटात पाणी निघालं तो खडक ख्रिस्त होता. साप चावलेल्यांनी बघून वाचावं म्हणून मोशेने खांबावर लावलेल्या पितळी सापाचं उदाहरण येशूने निकदेमाला स्वतः दिलं. पंतांच्या रागाला उत्तर हवं असेल तर ते तिथे आहे. आपण पापाला हलकं समजतो म्हणून शिक्षा जड वाटते.

खवट_पंत

मिसळराव, लाकडं वेचणं हे पाप 'जड'? राहू दे. आणि तो पितळी साप पुढे कुठे गेला हे तुमच्या मंडळीत शिकवलं का? लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले, म्हणून हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. २ राजे, १८वा अध्याय. मोशेने केलेली वस्तू. मला त्या संपूर्ण ग्रंथात हिज्कीयाचं हे एक काम मनापासून आवडतं.

दिमोनाकर

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आजोळ रायगडात, मुक्काम इस्राएलमधल्या नेगेवमध्ये, म्हणजे वाद चाललाय ते वाळवंट माझ्या खिडकीतून दिसतं.

नगरी_मिसळ, राग मानू नका, पण आमची गोष्ट म्हणजे दुसऱ्या कुणाच्या गोष्टीची प्रस्तावना, हे आम्ही फार वेळा ऐकलंय. आणि शेंगताई, तुम्हीही तिचा 'धडा' करता. आमच्याकडे तिचा धडा करत नाहीत, तिचं जेवण करतात. शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर दोन पाव, कारण सहाव्या दिवशी मान्ना दुप्पट. पावाखाली कापड, वर कापड, कारण मान्ना दवाच्या दोन थरांमध्ये असे. सुक्कोतला, म्हणजे मांडवांच्या सणाला, सात दिवस फांद्यांच्या छपराखाली जेवायचं, छपरातून चांदण्या दिसल्या पाहिजेत. माझ्या धाकटीला अध्यात्म विचारलं तर ती पळून जाईल, पण कापड तीच घालते.

पंत, दगडांची शिक्षा कुणी नाकारत नाही. मात्र कोकणातले आमचे पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. पिढ्यान् पिढ्या जवळ ना धड ग्रंथ होता, ना शिक्षा देणारं न्यायालय. तरी घाणा बंद. भीतीने पाळला म्हणाल, तर कोणाची भीती?

जाता जाता, इथल्या दरीतली बाभळीच्या जातीची झाडं खुरटी, काटेरी, वाकडी. मंडपाच्या फळ्या दहा हात लांब होत्या म्हणे. एवढं सरळ लाकूड कुठून आणलं, हा प्रश्न मला कायम पडतो.

मातीखालचा

दिमोनाकरांनी शेवटी विचारलंय तिथून सुरू करतो.

गणनेच्या पहिल्या अध्यायात वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५० दिले आहेत. बायका-मुलं धरली तर वीस लाखांच्या घरात. एवढी वस्ती चाळीस वर्षं सीनायमध्ये राहिली तर मागे काहीतरी उरायला हवं. कादेश-बर्ण्या म्हणून जे ठिकाण बहुतेक जण धरतात, त्या ऐन अल-कुदैरातला खोदकामात राजेशाहीच्या काळातला किल्ला मिळाला, निर्गमाच्या मानल्या गेलेल्या काळातलं काही नाही. 'इस्राएल' हे नाव पहिल्यांदा खात्रीने दिसतं ते मर्नेप्ताह फारोच्या शिलालेखात, इ.स.पू. १२०८च्या सुमारास. तिथे तो म्हणतो, इस्राएल उजाड झाला, त्याचं बीज उरलं नाही. फारोंच्या बढाया कितपत मनावर घ्याव्यात, ते त्यावरून ठरवा.

पण धाग्याला उपयोगी मुद्दा पुढचा आहे. मंडपाची ती बारीक मापं, कड्या, दांडे, पडदे हा सगळा भाग याजकांच्या परंपरेतून आलेला, आणि त्याला आजचं रूप मिळालं ते यरुशलेमचं मंदिर इ.स.पू. ५८६मध्ये जळाल्यानंतर, बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) बंदिवासात किंवा त्यानंतर, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्यांचं मंदिर राखेत गेलं, ते लोक लिहितायत की देवाचं घर मुळात तंबू होतं आणि त्याला दांडे लावलेले होते. शेंगताई, तुमचा दांड्यांचा मुद्दा मला पटतो तो यासाठी. वाळवंटात असं घडलं म्हणून नव्हे, हे लिहायची गरज कुणाला पडली हे कळतं म्हणून.

शेवग्याची_शेंग

दिमोनाकरदादा, दोन कापडांचं ठाऊक नव्हतं. आभार.

मिसळराव, वेदी टाळली हे खरं, आणि मुद्दाम टाळली. कारण तिच्याबद्दल त्या ग्रंथांतच भांडण आहे. आमोस संदेष्टा देवाच्या वतीने विचारतो, वाळवंटातल्या चाळीस वर्षांत तुम्ही मला यज्ञ आणि अर्पणं आणलीत का? अपेक्षित उत्तर 'नाही' असं आहे. यिर्मया संदेष्टा तर देवाच्या तोंडी स्पष्टच लिहितो की मिसरातून काढलं तेव्हा होमबलींबद्दल मी काही बोललोच नव्हतो. लेवीय या पुस्तकात सात-सात अध्याय बलिदानांचे, आणि त्याच पोथीत हे दोघे. कुणी खोडून टाकले नाहीत.

पंतांना एवढंच सांगेन की वासराचं सोनं आणि मंडपाचं सोनं एकाच कानांतून आलं. वाट पाहणं सहन झालं नाही तेव्हा वासरू, झालं तेव्हा मंडप. माणसं तीच. तीन हजारांचं समर्थन मी करत नाही. पण लिहिणाऱ्याने ते लपवलंही नाही, आणि मोशेलाही सूट दिली नाही. पाण्यासाठी खडकाला बोलायचं सोडून काठी मारली, तर नबो डोंगरावरून देश नुसता बघायचा आणि तिथेच मरायचं.

खवट_पंत

मातीखालच्यांनी माझं काम सोपं केलं. याजकांनी लिहिलं, बरोबर. म्हणून तर शांत्यर्पणाच्या बळीचं ऊर आणि उजवी मांडी याजकाच्या वाट्याला. आणि म्हणून कोरह.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोरह हा लेवी, मोशेचा भाऊबंद. तो अडीचशे पुढाऱ्यांना घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, सगळी मंडळी पवित्र आहे, परमेश्वर सगळ्यांमध्ये आहे, मग तुम्हीच डोक्यावर का बसता? यात चुकीचा शब्द एक दाखवा. उत्तर काय मिळालं? जमीन फाटली. धूप जाळणाऱ्या अडीचशेंना आगीने खाल्लं. त्यांची धुपाटणी गोळा करून, ठोकून, पत्रे करून वेदीला मढवली, पुन्हा कुणी याजकांच्या वाटेला जाऊ नये याची आठवण म्हणून. मिसळराव ज्या वेदीपाशी थांबा म्हणतात, तिच्यावर हे पत्रे आहेत.

मान्ना सगळ्यांना सारखा, पण प्रश्न विचारायचा हक्क नाही. हे कसलं माप?

नगरी_मिसळ

पंत, पुढे वाचा. गणना २६: कोरहाचे मुलगे मेले नाहीत. त्यांचे वंशज मंदिराचे द्वारपाल झाले, गायक झाले. ८४वं स्तोत्र त्यांच्या नावावर आहे: दुष्टांच्या तंबूत राहण्यापेक्षा माझ्या देवाच्या दारात उभं राहणं मला बरं. ज्याच्या बापाच्या तंबूपासून 'या दुष्टांपासून दूर व्हा' म्हणून सगळ्यांना हटवलं, त्याच्या घराण्याच्या तोंडी ही ओळ आहे. बंडखोराच्या वंशाला देवाने दाराबाहेर नाही काढलं, दारातच उभं केलं.

दिमोनाकर

हे मात्र मिसळरावांचं मान्य. ती स्तोत्रं आम्हीही म्हणतो.

खवट_पंत

वाचलं. कोरहाचे मुलगे वाचले, आनंद आहे. त्याच्यासोबत दाथान आणि अबीराम होते. ते आपापल्या तंबूच्या दारात येऊन उभे राहिले, बायका, मुलगे, तान्ही पोरं सगळ्यांसकट, असं गणना १६मध्ये लिहिलंय. त्यांच्यातल्या तान्ह्यांच्या नावावर कितवं स्तोत्र आहे?