मदत हवी आहे: अनोळखी इंग्रजी शब्दातला स्वर मुलीने ओळखायचा कसा?

मुलगी सात वर्षांची आहे. मराठी वाचताना अडत नाही. मात्रा दिसली की उच्चार ठरलेला. इंग्रजीत व्यंजनं बरोबर येतात, घोडं अडतं स्वरांवर. काल 'बी-आर-ई-ए-डी' तिने 'ब्रीड' वाचलं. मी 'ब्रेड' सांगितलं. पुढे 'आर-ई-ए-डी' आलं, तर शहाण्यासारखं 'रेड' वाचलं. ते होतं 'रीड'! आणि दोन ओळींनी तेच स्पेलिंग खरंच 'रेड' निघालं, भूतकाळातलं. "मग ई-ए म्हणजे नक्की काय?" या प्रश्नावर मी गप्प.

शेवटच्या 'ई'ची जादूही शिकवली: कॅपचं केप, किटचं काइट. लगेच तिने 'हॅव'चं 'हेव' केलं. नियम घोटून घेऊ की शब्दच पाठ करून घेऊ? आणि काही जण वाचायला बनावट शब्द देतात, त्याने काय साधतं?

प्रतिसाद १
अहो, तिची चूक नाहीच. स्वरांची अक्षरं पाच, आणि ब्रिटिश इंग्रजीत स्वरध्वनी वीसच्या आसपास. इंग्लंडमध्ये छपाई १४७६ साली आली, स्पेलिंगं हळूहळू गोठली. दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र त्यानंतरही बदलत राहिले.

नियम घोटू नका, पण शब्दही पाठ करून घेऊ नका. एक स्वर लावून शब्द ओळखीचा वाटला नाही, तर दुसरा लावून बघायची सवय लावा. 'ब्रीड'? छे. 'ब्रेड'? हां! ब्रेड आणि ब्रेक यांतले स्वर इंग्रजीत वेगळे, पण मराठी कानाला दोन्हीत 'ए'च, म्हणून आपल्या पोरांना बहुतेकदा दोनच पर्याय पडताळावे लागतात. अट एवढीच की शब्द आधी कानावरून गेलेला हवा. तेव्हा तिला भरपूर वाचून दाखवा.

शेजारची अक्षरंही मदत करतात. दोन 'ओ'पुढे 'के' आला की बहुधा ऱ्हस्व 'उ': बुक, लुक, कुक. 'डब्ल्यू'नंतरचा 'ए' पुष्कळदा 'ऑ' होतो: वॉश, वॉन्ट. हे मुलं वाचता वाचता आपसूक उचलतात.

प्रतिसाद २
बनावट शब्दांबद्दल: इंग्लंडमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांची वाचनचाचणी २०१२ पासून होते. तीत ४० पैकी २० शब्द बनावट असतात. ते पाठ असणं शक्यच नाही, त्यामुळे मूल अक्षरं जुळवून वाचतंय की आठवणीतून बोलतंय, ते कळतं. तिथे स्पेलिंगला शोभेल असा कुठलाही स्वर बरोबर धरतात. तपासायला ठीक, पण रोज नको; त्यात 'हां!' म्हणायचा क्षण येत नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. आज 'एच-ई-ए-व्ही-वाय'ला आधी 'हीवी', मग स्वतःच "नाही, हेवी!" आता पुढची अडचण: 'बनाना'. तीन 'ए', त्यातला मधला तेवढा खणखणीत, कडेचे दोन नुसतेच पुसट 'अ'. तिने तिन्ही 'ॲ' वाचले. हे कसं समजावायचं?