मदत हवी आहे : हाताने वाकळ शिवताना बोटं दुखतात. सुई कुठली, अंगुस्तान कुठलं?

नमस्कार मंडळी,

सासूबाईंसाठी विचारते आहे. वय सत्तरीच्या पुढे, मुक्काम वाई तालुक्यात, आणि दुपारची भांडी आवरली की वाकळ पसरून बसणं अजून चालू. आयुष्यात कधी अंगुस्तान वापरलं नाही. सुई ढकलून मधल्या बोटाच्या शेंड्याला घट्टा पडलाय, तोच त्यांचं अंगुस्तान. या थंडीत त्या घट्ट्याला मधोमध चीर गेली आणि सुईचा नेढ्याकडचा भाग नेमका त्या चिरेत घुसतो. शिवाय अंगठ्याचा सांधा दुखतो. जाड थरातून सुई चिमटीत धरून ओढायची वेळ आली की जास्तच.

"आता शिवू नका" हा सल्ला कृपया देऊ नका, तो घरातल्या सगळ्यांनी देऊन झालाय.

सध्याची वाकळ अशी आहे: वर-खाली जुनी सुती लुगडी, आत एक विरलेली सोलापुरी चादर. धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा दुहेरी. सुई गावातल्या दुकानातली, सुटी घेतलेली, त्यामुळे नंबर माहीत नाही.

मी बाजारातून पत्र्याचं अंगुस्तान आणून दिलं. सांधे सुजलेले असल्यामुळे ते पेरावर अडकतं आणि शेंड्याशी मात्र पोकळ राहतं. वर गुळगुळीत, सुई सटकते. त्यांचं म्हणणं, "टोपी घातली की टाका कुठं गेला ते कळतच नाही." तर धातूचं घ्यावं, चामड्याचं की रबराचं? आणि सुई बदलून काही फरक पडेल का?

ठिगळ
आधी सुई बघा, अंगुस्तानाचं नंतर. सुयांच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक आणि आखूड होत जाते. तुमच्या थराला भरतकामाची ५ किंवा ६ नंबरची, लांबट नेढ्याची सुई चालेल. नेढं लहान असेल तर दुहेरी दोरा कापडाशी अडतो आणि सगळा जोर बोटावर येतो. कापडात दोऱ्यापुरती वाट सुईनेच करून द्यायला हवी. नवी सुईसुद्धा दोन बोटांत फिरवून बघायची, खरखरीत लागली तर सरळ बाद. जुन्या सुईवर घामाने गंज चढतो, डोळ्याला दिसत नाही पण बोटाला कळतं.

आणि खरं दुखणं त्या चादरीत आहे. सोलापुरी चादर विरली तरी तिची वीण जाडच. आत जुनी सुती साडी दुहेरी घाला, सुई अर्ध्या जोरात जाईल.

जर्सीकर
इकडे क्विल्टिंगसाठी 'बिटवीन्स' नावाच्या सुया मिळतात, इंच-सव्वा इंचाच्या. बारीक टाक्याला उत्तम, पण पातळ कापसाच्या थरासाठी. एवढी आखूड सुई धरायला चिमटीत जास्त जोर लागतो. दुखऱ्या अंगठ्याला नकोच. कुणी कौतुकाने पाठवल्या तरी काकूंना देऊ नका.

चामडं मात्र जरूर बघा. मऊ चामड्याचं, शेंड्यावर छोटी धातूची चकती बसवलेलं अंगुस्तान मिळतं. बोटाच्या आकाराला बसतं, सुजलेल्या पेरावरून चढतं. त्याहून हलकं म्हणजे चिकटणाऱ्या चामड्याच्या टिकल्या. नेमकी सुई लागते तेवढ्याच जागी चिकटवायची, बाकी बोट मोकळं. टाका कळत नाही ही तक्रार असेल तर मी तिथूनच सुरुवात करेन.

धावदोरा
टिकली चिरेवर चिकटवू नका हं, आधी चीर भरू दे. रात्री व्हॅसलीन, दिवसा कागदी टेप. काकूंना मधुमेह असेल तर डॉक्टरांना दाखवा, अशा चिरा चिघळतात.

आमच्या घरात शिंपीकाम होतं. शिंप्याचं अंगुस्तान दोन्हीकडून उघडं असतं, सुई शेंड्याने न ढकलता बोटाच्या कडेने, नखाच्या बाजूने ढकलायची. शेंडा मोकळा राहतो, टाका चाचपता येतो आणि चिरेवर जोरही येत नाही. घेताना वरचे खळगे नखाने तपासा. खोल हवेत, नुसते छापल्यासारखे नकोत. बोट खाली करून झटकलं तर ते पडू नये, आणि काढल्यावर खोल वळ दिसू नये. थंडीत सकाळी बोटं आखडलेली असतात, तेव्हा माप घेतलं तर दुपारी घट्ट होतं. पितळी किंवा स्टीलचं बघा, निकेलच्या मुलाम्याने काहींना खाज येते.

दुपटं
ओढण्याबद्दल कुणीच बोललं नाही! बँकेत नोटा मोजायला बोटात घालतात ते रबरी टोपण स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. पहिल्या बोटात घालायचं. सुई निसटत नाही, अंगठा नुसता टेकवला तरी पुरतं. आणि एका दमात सुईवर चार-पाच टाके भरत असतील तर जाड थरात दोनच घ्यायला सांगा. ऐकतील का, ते तुम्हालाच माहीत.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. ऐकत नाहीत. :) पण रबरी टोपण एका दिवसात पसंत पडलं, आता दोन बोटांत घालून बसतात. भरतकामाच्या सुयांचं पाकीट आणलं, त्यातली ५ नंबर त्यांनी ठेवली, ६ नंबर "मोडंल" म्हणून परत केली. शिंप्याचं अंगुस्तान अजून मिळालं नाही, साताऱ्यात शोधतेय.

@ठिगळ, चादर सासऱ्यांची आहे, त्यामुळे ती काही निघणार नाही.

चामड्याबद्दल आणखी एक. घरात एक फाटकी पर्स पडून आहे, चामडं मऊ आहे. त्यातून अंगुस्तान घरी शिवता येईल का? कुणी केलं असेल तर कापायचं माप आणि शिवण आतून घ्यायची की बाहेरून तेवढं सांगा.